डावीकडचा श्वास

माझा भाऊ कुणाचं ऐकत नाही, हे आमच्या घरात इतकं जुनं झालंय, की त्याला खरंच ऐकू येत नाहीये हे आम्हाला कळलंच नाही.

घरात त्याला भुंगा म्हणतात. पाळण्यात असल्यापासून तोंडाने काहीतरी घूं घूं चालू असायचं, म्हणून. मोठा झाल्यावर त्याने रेकॉर्ड वाजवायची दोन टर्नटेबल आणली, लोकांनी टाकून दिलेल्या जुन्या रेकॉर्डी गोळा केल्या आणि त्या पुढे-मागे घासून खर्र-खुर्र सुरू केलं. याला हिपहॉप म्हणतात, असं त्याने आम्हाला सांगितलं. आई म्हणाली, "म्हणत असतील बाबा." स्टेजवरही तो भुंगाच. एक हात तबकडीवर, दुसरा मधल्या खटक्यावर, मान कललेली, आणि खांदा न् कान यांच्यामध्ये हेडफोनची डावी वाटी दाबलेली. पुढची रेकॉर्ड नेमकी कुठून सोडायची ते त्या कानात आधी ऐकायचं, आणि हॉलमध्ये काय वाजतंय ते उजव्या कानाने. हॉलमधला दणदणाट कापून ऐकू यायला हवं, म्हणून डाव्या वाटीतला आवाज जमेल तेवढा मोठा. वर्षानुवर्षं हेच. त्याच्या एकूण एक फोटोत मान वाकडी आहे.

त्याच्या पहिल्या अल्बमचं नाव 'शेजाऱ्यांची तक्रार'. नाव मी सुचवलं. मी एका कंपनीच्या तक्रार विभागात फोन घेते. सकाळी कानाला हेडसेट लावला की संध्याकाळपर्यंत लोक माझ्या कानात ओरडत असतात. घरी आले की शेजारी दारात उभे: तुमच्या भावाला सांगा, भिंत हादरते. शेवटी भुंग्याने स्पीकर बंद केले आणि अख्खा अल्बम हेडफोनवर बांधला. शेजारी खूश झाले. आता वाटतं, भिंत हादरली असती तर बरं झालं असतं.

त्या अल्बममध्ये एक श्वास आहे. त्याचं सांगायलाच हवं. जुन्या बाजारात त्याला बासरीची एक रेकॉर्ड मिळाली. वाजवणारा कोण ते कळायला मार्ग नाही, वरचा कागद कुणीतरी खरवडून काढलेला. पण बासरी सुरू व्हायच्या आधी त्या माणसाने घेतलेला श्वास त्यात ऐकू येतो. एवढासा. भुंग्याने सूर सोडून दिला आणि तो श्वास घेतला. "सूर सगळेच उचलतात गं ताई," तो म्हणाला होता, "याच्या छातीत काय चाललं होतं ते बघ." प्रत्येक गाण्यात कुठे ना कुठे, डाव्या बाजूला, तो श्वास येतो, आणि लगेच ताल पडतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. मी तसं बोलले नाही. बोलले असते तर महिनाभर डोक्यावर बसला असता.

गाणी तयार झाल्यावर ती मास्टरिंगला गेली. मास्टरिंग म्हणजे शिवून झालेल्या कपड्याला शेवटची कडक इस्त्री. म्हणून त्या गृहस्थांना मी मनातल्या मनात इस्त्रीवाले म्हणते. भुंगा फोन उचलत नाही, तेव्हा सगळीकडे नंबर माझा. एका दुपारी त्यांचा फोन आला.

"ताई, एक विचारायचं होतं. सगळ्या गाण्यांत डावी बाजू फार टोचते. वरचे आवाज, झांजा, तो फुसफुस आवाज, सगळं तिकडे जरा जास्तच आहे. मुद्दाम केलंय का?"

"मुद्दाम म्हणजे?"

"ही मंडळी मुद्दाम काहीही करतात हो. मागे एकाच्या गाण्यातली खरखर मी काढून टाकली, तर तो रडायला आला. तेव्हापासून मी विचारतो. मुद्दाम असेल तर हात लावणार नाही."

मी घरी येऊन भुंग्याला विचारलं. तो तबकडी पुसत होता. पुसायचा थांबला, पुन्हा पुसायला लागला.

"मुद्दाम आहे," तो म्हणाला.

"सगळ्या गाण्यांत?"

"सांगितलं ना, मुद्दाम आहे! तुला काय कळतंय त्यातलं?"

असा माझ्यावर तो कधी खेकसत नाही. मी खेकसते, तो हसतो, अशी आमची वाटणी आहे. मी इस्त्रीवाल्यांना निरोप दिला आणि त्या दिवसापासून त्याच्यावर लक्ष ठेवायला लागले.

एकदा शंका आली की सगळीकडे तेच दिसतं. जेवताना तो आता भिंतीला डावा खांदा लावून बसायचा. पूर्वी ती जागा माझी होती. फोन उजव्या कानाला. मी डावीकडून हाक मारली की उत्तर नाही, आणि समोर जाऊन उभी राहिले की, "अगं, कधीची उभी आहेस?" मी आईला म्हटलं, "आई, हल्ली हा ऐकत नाही गं." आई म्हणाली, "कधी ऐकत होता? या कानाने घेतो, त्या कानाने सोडून देतो." आम्ही दोघी हसलो. मी जरा जास्तच जोरात हसले.

मग रेकॉर्ड छापणाऱ्या कारखान्यातून नमुन्याची रेकॉर्ड आली. छपाईला टाकायच्या आधी अशी एक पाठवतात. ऐका, आणि बरोबर आहे की नाही ते उद्या दुपारपर्यंत कळवा. एकदा हो म्हटलं की झालं, मग तेच जगभर जाणार. मी रजा टाकली, आणि भुंग्याने भर दुपारी, शेजारी कामावर गेलेले असताना, स्पीकर लावले. आई डाव्या स्पीकरजवळच्या स्टुलावर वाटाणे सोलत बसली होती. पहिलं गाणं सुरू झालं. पहिला श्वास आला आणि आईने मान झटकली.

"कोण फुसफुसतंय रे कानात?"

भुंग्याला ते ऐकू गेलं नाही. तो खोलीच्या मधोमध डोळे मिटून उभा होता, आणि चेहऱ्यावर असं सुख, की मला त्याच्याकडे बघवेना. झांजा सुरू झाल्या तशी आई उठली, एका हातात परात, एका हातात स्टूल, आणि उजव्या स्पीकरपाशी जाऊन बसली. "तिकडे सुया टोचतात बाई," माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "याला सांगू नकोस, बिचाऱ्याने जीव ओतलाय."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला समजावत राहिले. पण उद्या दुपारी ही मूठ उघडणार होती, आणि लोक काय म्हणणार? कच्चा आहे, याला साधे दोन कान सारखे ठेवता येत नाहीत. एवढ्या वर्षांची मेहनत, आणि पहिल्याच घासाला खडा. त्याने मुद्दाम केलं असतं तर मी जगाशी भांडले असते. पण मुद्दाम नव्हतं. मला खात्री होती, आणि खात्री करून घ्यायची मला भीती वाटत होती.

भुंग्याची एक लहानपणापासूनची रीत आहे. काहीही तयार झालं की शेवटचं ऐकताना तो खुर्चीत डोळे मिटून बसतो आणि मला म्हणतो, "चढव." मग मी मागून त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवायचा. संध्याकाळी त्याने सुई ठेवली, खुर्चीत बसला, डोळे मिटले. "ताई, चढव. हे ऐकलं की हो कळवून टाकू."

मी हेडफोन उलटा चढवला. उजवी वाटी डाव्या कानावर, डावी उजव्यावर. वायर डाव्या वाटीतून निघते, ती पाठीमागे सोडून दिली, त्याला कळू नये म्हणून. मनात म्हणत होते, काही होऊ नये. त्याने नेहमीसारखी मान हलवावी, आणि मी मूर्ख ठरावी.

श्वास आला असावा, कारण तो चटका बसल्यासारखा खुर्चीतून उडाला.

"हे काय केलंय यांनी! हरामखोरांनी वाट लावली! दुपारी ठीक होती की! सगळं एका बाजूला, कान फाटतोय माझा! ताई, फोन दे. कारखान्याला फोन लाव. यांना मशीन चालवता येत नाही आणि बसलेत रेकॉर्डी छापत!"

नाचता येईना अंगण वाकडं, असं एरवी मी लगेच सुनावलं असतं. त्या वेळी मी फोन पाठीमागे लपवला.

"लाव ना फोन!"

"भुंग्या, रेकॉर्ड तीच आहे," मी म्हटलं. "हेडफोन उलटा आहे."

त्याने वायर चाचपली. हेडफोन काढला, सरळ घातला, थोडा वेळ ऐकलं. पुन्हा उलटा घातला. पुन्हा सरळ. मी मोजत नव्हते, पण फार वेळ चाललं ते. मग त्याने सुई उचलली आणि तबकडी नुसतीच फिरत राहिली.

"तू मला फसवलंस."

"हो."

"ताई, तू मला उलटा हेडफोन घातलास! तू!"

"घातला! मग काय करायचं होतं मी? विचारलं तर मुद्दाम म्हणतोस! डावीकडून हाका मारून मारून माझा घसा बसला. तुला माहीत होतं, भुंग्या. तुला माहीत होतं आणि तू आम्हाला वेड्यात काढत होतास."

आई दारात येऊन उभी राहिली. तिने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता आत जाऊन चहा टाकला. आमच्या घरात भांडण मोठं असलं की आई आधी चहा टाकते.

"माहीत नव्हतं," तो हळूच म्हणाला. "वाटत होतं. कुणी बहिऱ्याला बोलावतं का गं स्टेजवर?"

दुसऱ्या दिवशी मीच कारखान्याला फोन केला. समोरची मुलगी म्हणाली, आता नाही म्हणालात तर पुन्हा रांगेच्या शेवटी जाल. जाऊ म्हटलं. तिचा आवाज वैतागलेला होता; अशा वेळी समोरचा सभ्यपणे बोलला की किती बरं वाटतं ते मला ठाऊक आहे, म्हणून मी तिचे आभार मानले आणि भुंग्याला कानाच्या डॉक्टरकडे ओढत नेलं.

तिथे काचेची एक खोली असते. आत बसायचं, कानात बारीक आवाज सोडतात, ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होते. उजव्या कानाला त्याचा अंगठा टकाटक चालला. मग डावा कान सुरू झाला. आधी दाबलं, परत दाबलं. आवाज बारीक होत गेले तसा अंगठा बटणावर नुसता टेकून राहिला. तो वाट बघत होता. बाहेर बसून तपासणाऱ्या बाईंच्या यंत्रावर दिवा लागत होता, म्हणजे आवाज जात होता, आणि तो आपला वाट बघतोय, शाळेत नाव पुकारायची वाट बघावी तसा. मला काच फोडून आत जावंसं वाटलं.

"गेलेलं परत येत नाही," डॉक्टर म्हणाले. "राहिलंय ते सांभाळा. त्या कानाला हेडफोन बंद."

आम्ही चालतच घरी निघालो. मी त्याच्या उजव्या बाजूने चालत होते. घराच्या वळणावर त्याने विचारलं, "इस्त्रीवाल्यांना काय सांगणार?"

"मी कशाला सांगू? तोंड तुला दिलंय ना देवाने?"

आम्ही त्यांच्याकडे गेलो. छोटीशी खोली, भिंतींना जाड गाद्या लावलेल्या, मधोमध एकच खुर्ची. तिथे बोललं की शब्द ओठांवरच मरतो. इस्त्रीवाल्यांनी गाणं लावलं आणि वाट बघत बसले. भुंगा म्हणाला, डावीकडचं थोडं कमी करू. ते म्हणाले, किती? तो म्हणाला, तुम्हीच बघा. ते म्हणाले, असं कसं, तुमचं काम आहे, मुद्दाम केलेलं आहे. मी जीभ दाताखाली धरून बसले होते. ताकाला जाऊन भांडं लपवतोय गाढव, बोल ना, बोल.

"मुद्दाम नव्हतं," भुंगा म्हणाला. "डावा कान गेलाय माझा. वरचं काही येत नाही त्यात. मला कमी वाटायचं, म्हणून मी वाढवत गेलो."

इस्त्रीवाल्यांनी गाणं थांबवलं. "मग त्या दिवशी मुद्दाम का म्हणालात?"

"नाही म्हटलं असतं तर कसं झालं ते विचारलं असतं तुम्ही."

"विचारलं असतं," ते म्हणाले. मग त्यांनी स्वतःचा उजवा कान धरून हलवला. "हा माझा. म्हणून तर माझी खुर्ची जराशी तिरकी आहे. तुम्ही आलात तेव्हा बघितलं नाहीत?"

खरंच तिरकी होती. भुंगा इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसला. हसता हसता त्याने डोळे पुसले, आणि आम्ही दोघांनीही ते पाहिलं नाही.

काम करायचं तर डावी बाजू मुळापासून उतरवायची होती, एकेक आवाज वेगळा काढून. कुठे थांबायचं ते इस्त्रीवाले सांगत होते, पण भुंग्याला घरचा कान हवा होता. त्याने मला त्या तिरक्या खुर्चीत बसवलं.

"मला यातलं काही कळत नाही," मी म्हटलं. "तूच म्हणाला होतास."

"तुला तक्रार कळते ना? मग तक्रार कर. जिथे टोचेल तिथे सांग."

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या, त्या दिवशी पोटभर केल्या. ही झांज टोचते. इथे दात शिवशिवतात. हे बरं आहे. हे आईला चालणार नाही. भुंगा प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडे बघायचा आणि मान हलवायचा, म्हणजे करा कमी. मग श्वास आला.

डावीकडून, थेट कानात, कुणीतरी तोंड लावून फुंकर मारल्यासारखा. मी अंग चोरलं. भुंग्याने ते पाहिलं.

"मोठा आहे?" त्याने विचारलं.

मी खोटं बोलणार होते. खरंच. कारण ज्या श्वासाने माझ्या अंगावर काटा आला होता तो असा नव्हता, फार लहान होता, आणि तेवढा लहान केला तर या मुलाला तो कधीच ऐकू येणार नव्हता. त्याच्याच अल्बममधला, त्यानेच शोधून आणलेला.

"ताई. मोठा आहे का?"

"हो रे राजा," मी म्हटलं. "मोठा आहे."

त्याने इस्त्रीवाल्यांकडे पाहिलं. "उतरवा."

ते उतरवत गेले. भुंगा माझ्याकडे बघत होता. अजून, मी म्हणत होते. अजून. मग एका ठिकाणी माझ्या हातावर काटा आला, पहिल्यांदा आला होता तसाच, आणि मला काही बोलावं लागलं नाही. त्याने माझा हात बघितला आणि म्हणाला, "बस. तिथेच."

"तुला येतोय का ऐकू?" मी विचारलं.

"पुढचं गाणं लावा," तो म्हणाला.

दुसरी नमुन्याची रेकॉर्ड आली त्या दुपारी त्याने पुन्हा स्पीकर लावले. आईला म्हणाला, "आई, इथे बस," आणि स्टूल डाव्या स्पीकरजवळ ठेवला. आईने वाटाण्यांची परात मांडीवर घेतली. सुई खाली गेली. भुंगा या वेळी डोळे मिटून उभा नव्हता. तो आईच्या समोर जमिनीवर बसला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. पहिलं गाणं गेलं. आईच्या हातातला वाटाणा परातीत पडला, दुसरी शेंग उचलली. झांजा आल्या. आई हलली नाही. मधेच तिचा अंगठा शेंगेवर तालात पडायला लागला आणि तिचं तिलाच कळलं नाही. बाजू संपली तरी ती तिथेच बसलेली.

"काय रे, असा बघतोस काय? वाटाणे संपले," आई म्हणाली. "दुसरी बाजू लाव."

भुंग्याने माझ्याकडे मान वळवली. "कळव त्यांना. हो म्हण."

मी फोन केला. तीच मुलगी होती. तिने अभिनंदन केलं आणि मला एकदम रडू आलं, म्हणून मी राँग नंबर असल्यासारखा फोन ठेवून दिला. बाहेर आले तर आई स्वयंपाकघरात गेली होती आणि भुंगा खुर्चीत बसला होता. डोळे मिटलेले. तबकडी फिरत होती. मला "चढव" म्हणाला नव्हता. स्वतःच चढवला होता. वायर उजव्या खांद्यावरून खाली आली होती. म्हणजे उलटा; डावी वाटी त्याच्या चांगल्या कानावर.

मी दारातच थांबले. त्याने मान खाली घातली होती, अख्खं अंग कानाशी आणून ठेवलेलं. मग त्याची मान हळूच वर आली. त्याने डोळे उघडले नाहीत, पण मी तिथे आहे हे त्याला कळलं होतं.

"ताई," तो म्हणाला, मोठ्याने, हेडफोन लावलेली माणसं बोलतात तसा. "आहे गं. अजून आहे तो श्वास."